एका डब्यात दोन बिऱ्हाडं



नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत आमची जुनी इमारत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. त्यानंतरच्या रविवारी तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर सकाळीच माझ्याकडे आले. म्हणाले, "अहो, माझा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. पण विंडोज ११ याच्यावर चालणार नाही म्हणतात. मुलगा फोनवरून सांगतो, लिनक्स टाका. पण सोसायटीचा बारा वर्षांचा हिशेब विंडोजमध्ये आहे, त्याचं काय करू? तुमच्याकडे म्हणे दोन्ही एकत्र नांदतात. ते कसं काय जमवलंत?"

मी कवितेतला माणूस, बी.ए. झालेला. यंत्रांचं शिक्षण मी कुठे घेतलेलं नाही. पण मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, कारण ते शिकताना मी काही गमावलं होतं. मास्तरांना चहा दिला आणि ती हकीकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगणार आहे. मात्र ती नीट कळावी म्हणून आधी थोडा इतिहास सांगायला हवा.

कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. त्याला कामाला लावते ती ऑपरेटिंग सिस्टीम, मराठीत आपण तिला कार्यप्रणाली म्हणतो. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. आज बहुतेकांना वाटतं की एका डब्यात एकच प्रणाली असायची, हा निसर्गनियमच आहे. पण ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासाठी एक नव्हे, तीन प्रणाली जाहीर झाल्या होत्या : पीसी-डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम. त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हतीच. प्रणाली फ्लॉपीवर यायची. जी फ्लॉपी खाचेत घालाल, तिचं राज्य. एक काढली, दुसरी घातली, की राज्य बदललं. कोणी कोणाला धक्का लावत नसे, कारण प्रत्येकीची चकती वेगळी होती. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी आपण इथेच परत येणार आहोत.

मग १९८३ मध्ये आयबीएमचं एक्सटी हे मॉडेल आलं. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलवरचे दोन-तीन फोटोही तितक्यात जेमतेम मावतील, पण त्या काळी तो वाडाच वाटला. एवढ्या मोठ्या वाड्यात एकालाच का ठेवायचं, असा विचार करून त्या डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडायची सोय केली गेली, आणि प्रत्येक भागात वेगळी प्रणाली राहू शकेल असं ठरलं. म्हणजे दोन बिऱ्हाडं एकत्र नांदावीत ही कल्पना नंतर कोणी हौशी तरुणांनी काढलेली नाही. ती डिस्कच्या पायातच होती.

आता भांडण कुठून आलं, ते बघू.

आमच्या इमारतीच्या जिन्याशी एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर भाडेकरूंची नावं आणि मजले लिहिलेले आहेत. पोस्टमन आधी पाटी वाचतो आणि मग जिना चढतो. हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीलाही अशीच एक पाटी असते. तिची जागा फक्त ५१२ बाइट. त्यातले ६४ बाइट चार बिऱ्हाडांच्या नोंदीसाठी, प्रत्येकी १६. शेवटचे दोन बाइट ही खूण, की पाटी खरी आहे. उरलेल्या ४४६ बाइटांत एक छोटीशी सूचना असते : वीज आली, आता कोणाला उठवायचं? ४४६ बाइट म्हणजे किती? आजच्या पद्धतीने देवनागरीत लिहायचं तर दीडशेसुद्धा वर्ण त्यात मावणार नाहीत. एखाददुसऱ्या ओवीएवढी जागा. पण यंत्राची सकाळ त्या ओवीनेच होते.

गोम अशी, की नावं चार लिहिता आली तरी उठवण्याची सूचना एकच. जो शेवटी राहायला येईल तो ती सूचना आपल्या सोयीने नव्याने लिहितो. नव्वदच्या दशकातलं विंडोज घालताना ही सूचना बिनदिक्कत पुसली जाई. शेजारचं बिऱ्हाड जागच्या जागी असे, सामानही शाबूत असे, पण पाटीवरून त्याचा पत्ता गेलेला. मग यावर उपाय निघाले. १९९२ च्या ओएस-२ या आयबीएमच्या प्रणालीबरोबर 'बूट मॅनेजर' आला. लिनक्सवाल्यांनी 'लिलो' लिहिला. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी 'ग्रब' सुरू केला, तो आजही चालतो. ग्रब म्हणजे दारावरचा भला माणूस. तो काही सेकंद थांबतो आणि विचारतो, "कोणाकडे जायचंय?" याला म्हणतात ड्युअल बूट.

तुम्ही म्हणाल, हे हौशी लोकांचे खेळ झाले. मराठीत लिहिणाऱ्याला दोन प्रणाली कशाला लागतात? तर ऐका. त्या काळी आमच्यासारख्यांची खरोखरच तशी अडचण झाली होती.

कॉम्प्युटरवर देवनागरी आणण्याचं मोठं काम आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' या नावाने वाढलं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं प्रमाण तयार झालं, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पण आपल्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे चालत होते ते वेगळेच फॉन्ट. कोणाकडे श्रीलिपी, कोणाकडे आकृती, कोणाकडे आणखी काही. या फॉन्टांची युक्ती साधी होती. यंत्राला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवायचा. 'क'ची जागा एका कंपनीने एकीकडे ठेवलेली, दुसरीने दुसरीकडे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की कवितेच्या जागी रोमन अक्षरांची गिचमिड. वर काही सॉफ्टवेअर यंत्राच्या मागच्या बाजूला एक छोटं कुलूप लावल्याशिवाय चालत नसत.

दुसऱ्या बाजूला युनिकोड येत होतं. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, ही त्याची कल्पना. देवनागरीला त्यात १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीवरून घेतली गेली. पण माझ्याकडच्या विंडोज ९८ ला हे देवनागरी युनिकोड झेपत नव्हतं. ते आलं विंडोज २००० मध्ये आणि पुढे एक्सपीमध्ये. त्यांच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. लिनक्समध्येही ती सोय होत होती. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त केले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला होता.

म्हणजे २००५ च्या सुमाराला माझी स्थिती काय होती पाहा. पुस्तक छापायचं तर छापखान्याला जुन्या फॉन्टमधली फाइल हवी, कारण तिथल्या पेजमेकरला युनिकोड कळत नसे. आणि ईमेलने मराठीत चार ओळी पाठवायच्या तर युनिकोड हवं. छपाईसाठी जुनं लागे, टपालासाठी नवं. जुनं सॉफ्टवेअर कुलपासकट ९८ वर बसलेलं, आणि नवी प्रणाली विकत घ्यायची ऐपत नाही. इंग्रजी कॉम्प्युटर मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी मात्र फुकट मिळत.

आता माझी हकीकत.

माझी अम्मा सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. पहाटे जात्यावर ती ओव्या म्हणायची. त्या ओव्या अस्सल मराठी. एकीत पिराचा उरूस, दुसरीत पंढरीची वाट, तिसरीत भावाची बैलगाडी. त्या गावात कोणाला त्याचं नवल वाटत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून अशा लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की आपल्या आयाबायांनी केवढं धन पदरात बांधून ठेवलं होतं. २००० मध्ये मी घरी कॉम्प्युटर घेतला. अम्मा शेजारी खुर्चीवर बसायची, आठवेल तशी ओवी म्हणायची आणि मी टाइप करायचो. तीन वर्षांत २११ ओव्या झाल्या. २००३ मध्ये अम्मा गेली.

२००५ च्या दिवाळीच्या सुटीत मी एका रात्री लिनक्सची सीडी घातली. डिस्क एकच होती. तिचा एक कोपरा मोकळा करून तिथे नवं बिऱ्हाड आणायचं, असा बेत. पडद्यावर प्रश्न आला : मोकळी जागा वापरू, की संपूर्ण डिस्क? रात्रीचे अकरा वाजलेले, डोळे मिटत होते, आणि मी चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं. दोष कोणाचाही नाही, माझाच. प्रश्न स्वच्छ विचारला होता, मीच नीट वाचला नाही. सकाळी लिनक्स झकास चालत होतं. विंडोज ९८ नव्हतं. माझ्या कविता नव्हत्या. अम्माच्या ओव्या नव्हत्या.

एका फ्लॉपीवर पहिल्या ८३ ओव्या होत्या. बाकी काहीच नाही.

गावदेवी मैदानाच्या बाजूला एक दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला पोरगा विशीतला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, "काका, आता हा डबा चालू करू नका." मग त्याने समजावलं, की डिस्कवरचं जुनं लगेच नाहीसं होत नाही. जिथे नवीन लिहिलं गेलं तिथलं गेलं. जिथे अजून काही लिहिलेलं नाही तिथलं शोधता येतं. त्याने चार दिवस खपून आणखी ६४ ओव्या आणि काही कविता तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढल्या. पैसे घेताना म्हणाला, "काका, तुम्ही एकाच खोलीत पार्टिशन घालायला गेलात. दुसरी खोली का नाही घेतली?"

दुसरी खोली म्हणजे दुसरी हार्ड डिस्क. मी ठाण्याहून गाडी पकडली, दादरला बदलली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला आणि ४० गिगाबाइटची एक डिस्क घेऊन आलो. त्या वेळी एका चपट्या पट्टीसारख्या केबलवर दोन डिस्क लागत. एक 'मास्टर', एक 'स्लेव्ह'. कोण कोण आहे, हे डिस्कच्या मागच्या पिनांवर डाळीच्या दाण्याएवढी टोपी बसवून सांगावं लागे. पोराने ती टोपी चिमट्याने बसवली. आधी त्याने जुन्या डिस्कवर ९८ पुन्हा घातलं, कुलपाचं सॉफ्टवेअर बसवलं, वाचलेल्या फाइली परत ठेवल्या. आणि मग, नव्या डिस्कवर लिनक्स घालण्यापूर्वी, त्याने एक गोष्ट केली. जुन्या डिस्कची केबल उपसून बाजूला ठेवली.

"ही जोडलेलीच नसेल तर तुम्ही कितीही झोपेत एंटर दाबा, हिचं काही बिघडणार नाही," तो म्हणाला.

मला तरी ड्युअल बूटचं सगळं शास्त्र त्या एका हालचालीत दिसलं. दोन डिस्क म्हणजे दोन पाट्या. प्रत्येकीची उठवण्याची सूचना आपल्यापाशी. विंडोजने आपली पाटी हवी तशी रंगवावी, लिनक्सच्या पाटीला हात लागत नाही. एक डिस्क जळाली तर दुसरी चालू. कोणाकडे जायचं ते सुरुवातीला एक बटण दाबून मूळ यंत्रालाच सांगायचं. म्हणजे आपण पुन्हा १९८१ च्या फ्लॉपीपाशी आलो : ज्याची त्याची चकती वेगळी.

पुढची काही वर्षं माझ्या डब्यात दोन बिऱ्हाडं सुखाने नांदली. शेजार मात्र एकतर्फी होता. लिनक्सला ९८ च्या डिस्कवरच्या फाइली वाचता येत; ९८ ला लिनक्सची डिस्क दिसतही नसे. आणि एक गमतीचं भांडण होतं घड्याळाचं. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स साधारणपणे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे किंवा पुढे. जेवणाच्या वेळी यंत्र पहाट दाखवायचं. लिनक्सला एक सूचना दिली की हे मिटतं, पण मला त्याची मौज वाटे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. एका शहराने दोन घड्याळं पन्नास वर्षं सांभाळली, तिथे माझ्या डब्याचं काय!

त्या वर्षांत मी एक काम पुरं केलं. वाचलेलं सगळं जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलं. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत : 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : आधी क, मग वेलांटी. रफाराचं तसंच उलटं. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' यांतला अर्धा र तर दर वेळी रुसायचा. म्हणून रूपांतर झालेली प्रत्येक ओवी ९८ वर उघडून, कागदावर उतरवून, मग लिनक्सवर ताडून पाहावी लागे. दोन्ही प्रणाली हाताशी होत्या म्हणून हे जमलं. जुनी आधीच फेकली असती तर चूक कशाशी ताडणार होतो? २०१२ मध्ये शेवटची ओवी झाली. त्या फाइलच्या माथ्यावर मी अम्माचं नाव देवनागरीत लिहिलं आणि खाली उर्दूत, ती सही करायची तसं. एक ओळ डावीकडून, एक उजवीकडून. युनिकोडला त्याचं काही वाटलं नाही. त्यानंतर ९८ ची डिस्क काढून कपाटात ठेवली.

मास्तरांनी हे ऐकलं आणि विचारलं, "आता माझ्या यंत्रात काय करायचं?"

आता काळ बदललाय. ती ५१२ बाइटांची पाटी मागे पडून यूईएफआय ही व्यवस्था आली आहे. तिच्यात प्रत्येक प्रणालीला दारापाशी आपला वेगळा कप्पा मिळतो. भांडणं कमी झाली, पण संपली नाहीत. एकाच यंत्रात दोन डिस्क असल्या तरी काही इन्स्टॉलर आपला कप्पा दुसऱ्याच्याच डिस्कवर जाऊन थाटतात. मग ती डिस्क काढली की दोघेही अडतात. म्हणून मास्तरांना मी क्रम लिहून दिला.

पहिलं, सोसायटीच्या हिशेबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. दुसरं, विंडोजमध्ये 'बिटलॉकर' हे कुलूप चालू आहे का पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. तिसरं, 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धवट डुलकी घेतं, आणि लिनक्सला त्याच्या डिस्कवर लिहिता येत नाही. चौथं, नवी एसएसडी आणा. पाचवं, वीज बंद करून विंडोजच्या डिस्कची केबल काढा, मगच नव्या डिस्कवर लिनक्स घाला. सहावं, केबल परत लावा आणि चालू करताना बूटच्या यादीतून हवी ती निवडा. कुठे एफ १२, कुठे एफ ८, प्रत्येक बनावटीचं बटण निराळं. आणि सातवं, इंटरनेटसाठी लिनक्स वापरा. देखभाल थांबलेल्या विंडोजला हिशेबापुरतंच उठवा.

पुढच्या शनिवारी मास्तर नवी डिस्क घेऊन आले. आम्ही दोघांनी डबा उघडला. त्यांनी टॉर्च धरला, मी स्क्रू काढले. केबल उपसताना त्यांचा हात थरथरला. म्हणाले, "हिशेब जाणार नाही ना?" मी म्हटलं, "मास्तर, केबल तुमच्या हातात आहे तोवर नाही." दोन तासांनी दोन्ही प्रणाली सुरू झाल्या. बारा वर्षांचा हिशेब जसाच्या तसा होता.

अम्माच्या २११ ओव्यांपैकी आज माझ्याकडे १४७ आहेत. उरलेल्या ६४ आठवायचा मी अजून प्रयत्न करतो. कधी एखादी अर्धी ओळ येते, पुढची येत नाही. तुमच्याही घरात एखाद्या जुन्या यंत्रात, जुन्या फॉन्टमध्ये कोणाचं काही पडून असेल. वडिलांचे लेख असतील, आजीच्या पाककृती असतील. ते यंत्र भंगारात द्यायच्या आधी डिस्क तेवढी काढून ठेवा. नवं बिऱ्हाड शेजारच्या खोलीत येऊ द्या.



(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)